स्कॉलरशिपचं खातं बारावीच्या आधी तपासा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जून ते ऑगस्ट दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि दरवर्षी त्याच त्या चुकांमुळे पोरांचे पैसे अडकलेले बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

गेल्या वर्षीचीच गोष्ट. एक मुलगी हातात नवंकोरं पासबुक घेऊन आली, म्हणाली काका महाडीबीटीवर (राज्य सरकारची स्कॉलरशिपची वेबसाइट) पैसे दिले असं दाखवतंय पण खात्यात एक रुपया नाही. चार महिने झाले होते. पोर हुशार, आठवीत एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा पास झालेली, त्याचे नववी ते बारावी वर्षाला 12 हजार यायचे ते शाळेत असताना काढलेल्या खात्यात. कॉलेजला गेल्यावर दुसऱ्या बँकेत नवीन खातं काढलं, तिथे आधार पण दिलं, सगळ्यांना वाटलं झालं काम. पण सरकारी पैसा पासबुक बघून येत नाही, आधार शेवटचं ज्या बँकेला डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलंय तिथेच जातो आणि ते जुनंच खातं होतं. पैसे तिथे पडून होते आणि इकडे वडिलांनी मेस आणि रूमसाठी शेकडा तीन रुपयांनी 20 हजार उचललेले, म्हणजे महिन्याला 600 नुसतं व्याज, चार महिन्यांचे 2400 फुकट गेले. आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय हे ऑनलाइन दोन मिनिटांत दिसतं हो, फक्त ओटीपी यायला आधारला चालू नंबर पाहिजे, आणि निम्म्या पोरांच्या आधारला वडिलांचा कधीच बंद पडलेला नंबर असतो.

हे अकरावीतच बघायला पाहिजे. सायन्सवाल्यांनी जात पडताळणीचा अर्ज पण तेव्हाच टाकावा. उत्पन्नाचा दाखला मात्र 31 मार्चला संपतो, तो एप्रिलमध्ये नवीन काढा, निकालानंतर सेतूत किती गर्दी असते ते सगळ्यांना माहितीय.

दुसरं म्हणजे योजनाच माहिती नसतात. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसीतल्या (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ते गेलं. एका आईने मला विचारलं होतं, हे आधी कुणी का नाही सांगितलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पोरीचा प्रवेश होऊन गेला होता.

आणि लोन. एक मुलगा म्हणाला शिकताना हप्ता नाही मग टेन्शन कशाला. मी फॉर्मच्या पाठीमागे मांडून दाखवलं, दरवर्षी सुरुवातीला 1 लाख असे 4 वर्षं उचलले आणि 10 टक्के साधं व्याज धरलं तर कोर्स संपेपर्यंत 40, 30, 20 आणि 10 हजार, म्हणजे व्याजच 1 लाख. तो कागद घडी करून खिशात घालून घेऊन गेला. लोन वाईट नाही, माझ्या पुतण्याचं शिक्षण त्याच्यावरच झालं, पण सही करायच्या आधी हा आकडा पोराला स्वतःला काढता आला पाहिजे. यूपीआय बोटावर आहे पण व्याज माहिती नाही, यात पोरांचा काय दोष, शिकवतंय कोण त्यांना?

कॉलेजांनी अकरावीच्या दिवाळी सुट्टीआधी पालकांना बोलवून एक दिवस फक्त यावर द्यावा, पासबुक आणि आधार सोबत आणायला सांगावं. आणि आपल्या पेपरने एप्रिलमध्ये कागदपत्रांची यादी आणि योजनांच्या अटी पाव पान छापाव्यात ही हात जोडून विनंती. मी ते कात्रण दुकानाच्या काचेवर लावतो, झेरॉक्स पण फुकट देईन.

– एक वाचक, जि. धाराशिव