भाकरीची महागाई

महोदय,
महागाईची चर्चा बहुधा पेट्रोल आणि कांद्यापाशीच थांबते. मराठवाड्यात मात्र ती आधी भाकरीत जाणवते. मालदांडी ज्वारीचा हमीभाव २०१४-१५ मध्ये क्विंटलला १५५० रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये ३४२१ रुपये झाला. ही वाढ शेतकऱ्याच्या पदरात पडत असेल तर ती त्याच्या हक्काचीच आहे, परंतु भाकरीच्या किमतीत दळण, गॅस, हमाली आणि वाहतूक यांचाही भार मिसळतो, आणि शिवारे सोयाबीनकडे वळल्याने ज्वारी पूर्वीसारखी घरची राहिलेली नाही. खानावळीत तर ताटाचा दर तोच ठेवून भाकरी लहान आणि पातळ केली जाते. दरफलकावर न दिसणारी ही दरवाढ रोजंदारीच्या मजुराला दुसरी भाकरी वेगळी विकत घेताना कळते, हे अत्यंत क्लेशदायक आहे.

रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळच मिळतो. वास्तविक २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे. शासनाने मराठवाड्यातील ज्वारी हमीभावाने वेळेवर खरेदी करून ती येथील रेशन दुकानांत नियमित द्यावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, परभणी