दादा, गार केलं तरी ते मापावर येत नाही

प्रिय दादा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, लोखंड तापलं की वाढतं, गार झालं की जागेवर येतं, त्यात तिकडे बसून कसलं मॉडेल करतोस, तेव्हा मागून आईचं काहीतरी चाललं होतं म्हणून धड बोलता आलं नाही, आता लिहूनच टाकतो. लेथवर तुझं बरोबर आहे. पण रिअ‍ॅक्टरमध्ये रेडिएशनने धातू वाढला की वाढला, कितीही गार कर.

होतं काय, युरेनियम फुटलं की न्यूट्रॉन सुटतात, एकेकाकडे सरासरी 20 लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा, आणि लोखंडाचा अणू जागेवरून उठवायला लागतात साधारण 40. न्यूट्रॉन हलका, एका धडकेत 7 टक्क्यांच्या वर देऊच शकत नाही, पण तेवढंही रग्गड झालं. मार बसलेला अणू पुढच्यांना ढकलतो, ते त्यांच्या पुढच्यांना, आणि डोळ्याची पापणी हलायच्या कितीतरी आधी सगळी पळापळ संपून बहुतेक अणू कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत परत बसलेले असतात. उरतात थोडे, घोळ त्यांचाच. जागा न मिळालेले, दुसऱ्यांच्या मध्ये घुसून बसलेले उपरे अणू क्रिस्टलमधल्या डिस्लोकेशनकडे, म्हणजे अणूंच्या रांगा जिथे चुकल्यात त्या रेषांकडे, जरासे जास्त ओढले जातात, मग रिकाम्या जागा मागे शिल्लक राहतात, त्या फिरत फिरत एकत्र आल्या की धातूच्या पोटात पोकळ्या. वजन तेवढंच, माप मोठं! स्कॉटलंडमधल्या डूनरेच्या फास्ट रिअ‍ॅक्टरमधल्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशा पोकळ्या सापडल्याचं 1967 मध्ये छापून आलं, तोवर कुणाच्या डिझाइनमध्ये हे धरलेलंच नव्हतं.

आम्ही हा मार डीपीएमध्ये मोजतो. 80 डीपीए म्हणजे प्रत्येक अणू सरासरी 80 वेळा जागेवरून उठलाय, तरी तुकडा हातात धरण्याइतका अखंड असतो (हातात धरायचा नाही अर्थात). या स्टीलचं फुगणं एकदा जोरात सुरू झालं की दर डीपीएला जवळपास 1 टक्का. तू अर्धा सूतसुद्धा सोडत नाहीस, विचार कर.

माझ्याकडे आहे झिर्कोनियम, रिअ‍ॅक्टरमधल्या ट्यूबचा धातू, त्याची तर वेगळीच तऱ्हा. तो फुगत नाही, त्याचा क्रिस्टल एका दिशेने लांबतो, दुसरीकडून आखूड होतो, व्हॉल्यूम तेवढंच, आणि हे वर काही लोड नसताना. ट्यूब ओढताना क्रिस्टल कुठल्या बाजूला वळलेत त्यावर ती किती लांबणार ते ठरतं, म्हणून मी हजारो क्रिस्टल कॉम्प्युटरवर एकत्र बसवून 30 वर्षं पुढे नेतो. अणूंची धडक एकेक अणू धरून दाखवता येते पण तशी 30 वर्षं चालवायची म्हणजे काळ एकावर 20 शून्यं एवढ्या पटीने मोठा, कुठलंच मशीन ते करणार नाही, मग खालच्या, अणूंच्या मॉडेलमधून आकडे काढून वरच्या, क्रिस्टलच्या मॉडेलला द्यायचे. खरी डोकेदुखी तिथेच.

तीन आठवडे माझी ट्यूब दरवर्षी आखूड होत होती आणि मी शहाणा, लोकांचं मोजमाप चुकलं असेल म्हणून जुने पेपर उकरत बसलो. शेवटी सापडलं, एका ओळीत प्लसच्या जागी मायनस. आता लांबी जुळते, व्यास नाही, कारण आतून पाण्याचा दाब आहे आणि त्याने होणारा क्रीप, म्हणजे दाबाखाली धातूचं हळूहळू ताणत जाणं, मी बहुतेक कमी धरलाय. रन लावून ठेवलाय, सकाळी कळेल.

आईला सांग जेवतो वेळेवर. बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा