ती लेस पॉल घेऊ नकोस

कोल्हापूर,
रविवार

प्रिय संज्या,

घेऊ नकोस. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पत्र अर्धं वाचून होण्याआधीच तू त्या विकणाऱ्या पोराला फोन लावशील. टोकनसुद्धा पाठवू नकोस. राजारामपुरीतली ती गिब्सन कंपनीची म्हणून विकायला काढलेली लेस पॉल, ती इलेक्ट्रिक गिटार, मी हातात घेऊन, झाकणं उघडून, आतबाहेर बघून आलो. दिसायला लई भारी आहे, त्यात वाद नाही. सनबर्स्ट रंगावर लाकडाचे पट्टे कसले उठलेत मर्दा! पण ती गिब्सन नव्हे.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण तू "कशावरून?" म्हणत तासभर हुज्जत घातली असतीस आणि दिवाळीच्या आत दुसऱ्याच कुठल्या तरी गिटारीचे फोटो धाडले असतेस. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, जपून ठेव.

मुळात त्यानं मागितलेला पंचावन्न हजार हा आकडाच खटकायला हवा होता. नवी लेस पॉल स्टँडर्ड आपल्याकडे दोन लाखांच्या वर जाते, आणि ज्याच्याकडे खरी असते त्या माणसाला तिची किंमत पाठ असते. "अर्जंट विकायची आहे, परदेशी चाललोय" हे ऐकून तू विरघळलास. मी उलट पेचकस खिशात टाकला. पोरगा मात्र वाईट वाटला नाही. इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात कुणाकडून तरी घेतली म्हणाला, आणि तो खरंच तिला गिब्सन समजतोय. मी झाकण उघडू का विचारलं तर लगेच "हो काका, बघा की" म्हणाला. (काका! आपण म्हातारे झालो लेका.) उघडायला नाही म्हणणारा भेटला तर तिथूनच चप्पल घालायची, पुढं काही बघायचं कारण नाही.

आता "कशावरून" ते. शिरोलीत माझा सगळा दिवस कास्टिंग मोजण्यात जातो, त्यामुळे गिटार बघतानाही माझी नजर आधी नटबोल्टकडं जाते. आणि या कामात तीच नजर उपयोगी पडते. नकली करणारा तोंडावर खर्च करतो. लोगो, शिंपल्यासारखी चमकणारी नक्षी, पट्टेदार रंग, सगळं फोटोत येणारं. जे बदलायला महाग पडतं आणि फोटोत दिसत नाही, तिथं तो हात आखडता घेतो. तिथंच बघायचं.

ट्रस रॉड घे. तारांच्या ताणानं नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, वाकते, ती सरळ ठेवायला तिच्या पोटात हा रॉड असतो, आणि त्याचं तोंड हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असतात त्या डोक्यावरच्या) घंटेच्या आकाराच्या काळ्या झाकणाखाली. गिब्सनचं झाकण दोन स्क्रूंवर बसतं. याला तीन होते. निम्मा निकाल इथंच लागला, पण झाकण काय, कुणीही बदलू शकतो, म्हणून ते काढलं. आत पितळी षट्कोनी नट दिसायला हवा, ५/१६ इंची, म्हणजे व्हर्नियरवर ७.९ मिलिमीटरच्या आसपास. इथं खोल भोकात अॅलन कीचं तोंड होतं. झाकण शंभर वेळा बदलता येईल, रॉड बदलायचा तर नेकवर चिकटवलेली फ्रेटबोर्डची पट्टी उखडावी लागते. तेवढं कष्ट नकली माल करणारा घेत नाही.

मग गिटार उलटी करून हेडस्टॉकची मागची बाजू खिडकीच्या उजेडात धरली. गिब्सनचं डोकं नेकपासून मागं कललेलं असतं, बहुतेक मॉडेलांत १७ अंशांत, आणि नेक व डोकं मिळून एकाच लाकडातून कोरतात. रुंदीसाठी फक्त दोन बाजूंना छोटे कान चिकटवतात. यात लाकूड फार वाया जातं. स्वस्त पद्धत म्हणजे सरळ पट्टी घ्यायची आणि डोकं तिरपा सांधा देऊन जोडायचं. ती सांध्याची रेघ इथं रंगाखालून स्पष्ट दिसत होती. सांधा म्हणजे कमजोरी असं समजू नकोस हं, उलट गिब्सनचंच डोकं नेमकं तिथं मोडतं हे जगजाहीर आहे. त्यामुळे खऱ्या गिटारीवरही दुरुस्तीची रेघ सापडू शकते, पण ती वेडीवाकडी, तडकल्यासारखी असते. सत्तरच्या दशकात गिब्सननं तीन पट्ट्या जोडूनही नेक केल्या, मात्र ते जोड लांबीच्या दिशेनं उभे जातात. आडवी, सरळ, दोन्ही कडांना सारखी उतरणारी रेघ दिसली की समजायचं.

मागचं झाकण काढल्यावर तर मला हसूच आलं. गिब्सनमध्ये व्हॉल्यूम-टोनची पॉट (बटणांखालचे फिरणारे भाग) मोठी असतात, साधारण २४ मिलिमीटर व्यासाची, आणि बऱ्याच वेळा पाठीवर १३७ नं सुरू होणारा आकडा असतो. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. गिटारीचं खरं वय बघायला हा आकडा फार कामाचा. इथं १६ मिलिमीटरची, रेडिओत असतात तसली पिटुकली पॉट आणि केसासारख्या बारीक वायरी. फक्त एक ध्यानात ठेव, मधल्या काही वर्षांत गिब्सननंही आत सर्किट बोर्ड बसवले होते, म्हणून बोर्ड दिसला की लगेच "नकली!" म्हणून ओरडायचं नाही.

शेवटी पुढच्या पिकअपच्या (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग) चौकटीचे चार स्क्रू काढून आत बॅटरी मारली. स्टँडर्डचं अंग महोगनीचं आणि वर मेपलची जाड थाळी. पिकअपच्या खाचेच्या भिंतीत खाली तपकिरी आणि वर फिकट असे दोन थर दिसायला हवेत. इथं वरपासून खालपर्यंत एकच पांढुरकं लाकूड. म्हणजे ज्या पट्ट्यांवर तू भाळलास, ते कागदाएवढ्या पातळ व्हिनीअरचे.

ब्रिजचं, म्हणजे अंगावर तारा टेकतात त्या पट्टीचं, सांगायचं राहिलं. त्याचे दोन खांब जाडजूड, डोक्यावर पेचकसाची मोठी खाच असलेले, आणि आटे मेट्रिक. अमेरिकेत बनलेल्या गिब्सनचं सामान इंचात असतं. आटे मोजायचं गेज मी मुद्दाम नेलं होतं, आणि खरं सांगू, सगळ्या तपासणीत मला मजा तिथंच आली. पोरगं माझ्याकडं वेड्यासारखं बघत होतं.

आता तुझा हुकमाचा पत्ता, सिरियल नंबर. "नंबर आहे की, मेड इन यूएसए पण आहे!" असं तू लिहिलंस. अरे, ठसा मारायला काय लागतं? आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथं शिक्क्यापेक्षा भरवसा कशाचा, तर गल्लीत जाऊन कारागिराला काम करताना बघता येतं. गिब्सनच्या कारखान्यात नॅशव्हिलला जाऊन बघणं तुला-मला जमणार नाही, म्हणून नंबर नुसता बघायचा नाही, वाचायचा. १९७७ पासून २००५ पर्यंत गिब्सनचे नंबर साधारण आठ आकडी. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष. दुसरा, तिसरा, चौथा मिळून वर्षातला कितवा दिवस. उरलेले त्या दिवशीच्या क्रमाचे. म्हणजे ९१४५८ नं सुरू होणारी गिटार १९९८ सालच्या १४५ व्या दिवसाची, २५ मेची. २००५ मध्ये एक आकडा वाढून नऊ झाले. क्लासिक मॉडेल, कस्टम शॉपच्या गिटारी आणि २०१४ चं साल यांचे नियम निराळे. तुझ्या या बाईचा नंबर काय, तर ०४८२३५१७. वर्ष २००३, आणि दिवस ४८२ वा! असलं वर्ष कुठल्या पंचांगात असतं मला दाखव.

अर्थात सगळेच इतके अडाणी नसतात. हुशार लोक एखाद्या खऱ्या गिटारीचा नंबर उचलतात आणि तोच शेकडो नकली गिटारींवर छापतात. म्हणून नंबर इंटरनेटवर टाकून बघायचा. तोच नंबर काळ्या, लाल, पिवळ्या अशा वेगवेगळ्या गिटारींवर निघाला तर विषय संपला. नंबर चुकीचा निघाला तर गिटार खोटी, पण बरोबर निघाला म्हणून ती खरी ठरत नाही.

फेंडर या दुसऱ्या कंपनीच्या बाबतीत फसवणूक वेगळ्या वाटेनं येते, आणि तुझा जीव त्यांच्या स्ट्रॅटवरही आहे म्हणून सांगतो. तिथं अख्खी नकली गिटार बनवायची गरजच पडत नाही. नेक चार स्क्रूंवर बसते, लोगो म्हणजे स्टिकर. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचं नाव घासून काढायचं, फेंडरचा स्टिकर लावायचा, वर लॅकरचा हात मारायचा. हेडस्टॉक तिरपा धरून बघ, स्टिकरची कड जाणवते का. मग अंगाची जाडी मोज. फेंडर स्ट्रॅट साधारण ४४ ते ४५ मिलिमीटर भरते, स्क्वायरची अॅफिनिटी त्याहून पातळ. नेक काढू देत असेल तर तिच्या टाचेवर आणि खोबणीत कारखान्याचे शिक्के, तारखा सापडतात. नंबर एमएक्स१९ असा असेल तर मेक्सिको, २०१९. यूएस१९ असेल तर अमेरिका. कुणी "अमेरिकन प्रोफेशनल आहे" म्हणाला तर मागून ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या दांडीच्या) ब्लॉकला चुंबक लाव. तो ब्लॉक पोलादी असतो, चुंबक चिकटलं नाही तर जस्ताचं कास्टिंग. (हे चुंबक गिब्सनच्या ब्रिजला लावत बसू नकोस, तिथं खऱ्यातही जस्ताचंच असतं.) आणि अंग एकीकडचं, नेक दुसरीकडची, पण विकणारा तसं सांगून विकतोय, तर ती नकली नाही. अशी एखादी मी स्वतः घेईन.

चीनमध्ये बनली म्हणून नकली, असंही डोक्यात ठेवू नकोस. एपिफोन ही १९५७ पासून गिब्सनचीच कंपनी, आणि तिच्या गिटारी चीनमध्येच उजळ माथ्यानं बनतात. आपली ती राजारामपुरीची मात्र वाजवणाऱ्या लोकांत जिला "चिब्सन" म्हणतात ती जात. हा धंदा केवढा मोठा आहे बघ. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कस्टमनं लॉस एंजेलिस-लाँग बीच बंदरात तीन हजारांहून जास्त नकली गिब्सन पकडल्याचं जाहीर केलं. खऱ्या असत्या तर एक कोटी ऐंशी लाख डॉलरच्या वर किंमत झाली असती. त्यांच्या बंदरात एवढा माल उतरत असेल तर राजारामपुरीत एखादी निघाली याचं मला नवल नाही.

वाजायला कशी होती म्हणशील. वाईट नव्हती. आठ-दहा हजारांची गिटार म्हणून मी तिला नावं ठेवली नसती. म्हणून आवाजावरून ठरवू नकोस. अॅम्पवर जरा गेन चढवला की तुझ्या-माझ्या कानाला काय कळतंय?

सगळ्यात जास्त राग मला तुझ्या अदलाबदलीच्या बेताचा आला. तुझी मेक्सिकन स्ट्रॅट आणि वर वीस हजार! नोटा मोजून द्यायच्या असल्या की माणूस सतरा वेळा विचार करतो. गिटारीला गिटार म्हटलं की गाफील होतो. तुझ्या स्ट्रॅटला उद्या कुठंही गिऱ्हाईक मिळेल. या लेस पॉलला प्रामाणिकपणे विकायचं तर कोण घेणार? आणि "नकली निघालीच तर पुढं खपवू" हे जे तू शेवटी हसत हसत लिहिलंयस, ते परत बोलू नकोस. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ प्रमाणे खोटी नाममुद्रा लावलेला माल जाणूनबुजून विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, दंड निराळा. कायदा सोड, तुझ्यासारखंच कुणीतरी पोरगं पैसे साठवून ती घेईल.

त्या पोराला मी सगळं दाखवलं. झाकण, सांधा, नंबर. त्याचा चेहरा उतरला. पुण्याच्या माणसाशी झालेले मेसेज आणि पैसे पाठवल्याची नोंद पुसू नकोस, एवढं बजावून आलो. जाहिरातीतून गिब्सन हे नाव काढतो म्हणाला. संध्याकाळी बघितलं तर खरंच काढलं होतं.

तुला लेस पॉलच हवी असेल तर बेळगावात एक एपिफोन आहे. मालक एपिफोन म्हणूनच विकतोय, खरेदीचं बिल आहे म्हणतो. नंबर, हेडस्टॉकची मागची बाजू आणि उघडलेल्या झाकणाचे फोटो मागितलेत. आले की तुला धाडतो, पण सौदा गिटार बघितल्यावरच, आणि दिवसाउजेडी. तू रत्नागिरीहून सकाळच्या गाडीनं ये, इथून माझी गाडी काढू.

वहिनींना नमस्कार सांग. पंचावन्न हजार वाचले हे मात्र त्यांना सांगू नकोस, नाहीतर मूळ बेत कळेल.

तुझा,
पक्या

ता. क. कुणीतरी सांगेल की नेलपॉलिश रिमूव्हरचा थेंब टाकून रंग तपासता येतो. चुकूनही करू नकोस. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं, ते अॅसिटोननं विरघळतं. गिटार खरी असेल तर तू तिचाच रंग घालवशील, आणि मग मालक पंचावन्न हजारांत सोडणार नाही.