चांगले विनोदी पंच दुसऱ्यांना दिल्याबद्दल : महेश कोठारे यांना आभारपत्र

आदरणीय महेश सर,
सप्रेम नमस्कार.

‘छोटा जवान’मधला (१९६३) बालकलाकार ‘धुमधडाका’चा (१९८५) दिग्दर्शक झाला, हे महाराष्ट्राला पाठ आहे. आम्ही आभार मानतोय ते सेटवर आणि संकलनाच्या टेबलावर आजही उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टींसाठी.

नट दिग्दर्शनाला उभा राहिला की पहिली चूक पात्रवाटपात होते. मोठे पंच, म्हणजे हशा पिकवणाऱ्या ओळी, आणि शेवटची टाळी स्वतःकडेच राहते. आपण ‘दे दणादण’मध्ये (१९८७) इन्स्पेक्टरची वर्दी चढवलीत आणि धमाल सगळी हवालदार झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हवाली केलीत. ‘झपाटलेला’तही (१९९३) आपण पोलीस अधिकारीच. विनोदी प्रसंगाला सरळ चेहऱ्याने फीड देणारा, म्हणजे पंचाआधीची ओळ टाकणारा, माणूस लागतो. त्याची ओळ अर्धा सेकंद उशिरा आली तर समोरच्याचा पंच पडतो, आणि तोच जास्त प्रतिक्रिया द्यायला लागला तर प्रेक्षकाची हसायची जागा खाऊन टाकतो. ते काम दिग्दर्शकाने स्वतः घेतलं की प्रसंगाची लय फ्रेमच्या आतूनच सांभाळता येते.

हे सोपं मात्र नव्हे. टेक जागच्या जागी बघायला त्या काळी सर्रास मॉनिटर नसत. स्वतःचं काम कसं झालं ते लॅबमधून रशेस, म्हणजे धुऊन आलेलं कच्चं चित्रण, आल्यावर कळायचं. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, ४०० फुटांचं मॅगझिन (कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा) साडेचार मिनिटांच्या आत संपतं. अडीच तासांचा चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट. पडद्यावरच्या एका फुटामागे चार फूट या हिशेबाने शूट केलं तरी चोपन्न हजार फूट निगेटिव्ह. रीटेक मागताना हा आकडा डोक्यात असायचाच.

म्हणून स्वतःला दिग्दर्शित करणाऱ्या प्रत्येकाने क्रम पाळावा. आपल्याच उंचीचा माणूस मार्कवर, म्हणजे नटाच्या ठरलेल्या जागेवर, उभा करायचा, सहायकाने ओळी म्हणायच्या, फ्रेम आपण कॅमेऱ्यातून बघायची. लायटिंग त्या माणसावरच पुरं करायचं, टेपने अंतर मोजून फोकस पुलरला (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला) द्यायचं आणि मगच मार्कवर जायचं. मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणारा शॉट, झाला की आधी सहकलाकारांचे क्लोजअप, स्वतःचे शेवटी. गडबड हटकून इथेच होते. ऊन उतरलेलं असतं, लुक द्यायला, म्हणजे नजरेला नजर द्यायला, समोरचा नट थांबलेला नसतो, आणि दिग्दर्शकाचा क्लोज भिंतीकडे बघून उरकला जातो. संकलनात तो तुकडा लगेच उघडा पडतो.

‘धडाकेबाज’ (१९९०) म्हटलं की लोकांना बाटलीतला गंगाराम आठवतो. आम्हाला आठवते त्याची रुंदी. मराठीतला तो पहिला सिनेमास्कोप. अ‍ॅनामॉर्फिक लेन्स चित्र आडवं निम्म्याने दाबून फिल्मवर घेते आणि प्रोजेक्टरवरची लेन्स ते पुन्हा पसरवते; उंची एक, तर रुंदी २.३५. थिएटरात ती लेन्स लावायची राहिली तर पडद्यावरची सगळी माणसं काठीसारखी उभट दिसतात. शूटिंगलाही त्रास आहेच. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) फार उघडं ठेवलं तर कडा मऊ पडतात, म्हणून प्रकाश वाढवावा लागतो. फोकसला सूटही कमी मिळते. पण विनोदाला या रुंदीचा मोठा फायदा आहे. तिघे नट एकाच फ्रेममध्ये मावतात, बोलणारा आणि ऐकणारा एकदमच दिसतो, कट करावा लागत नाही. टायमिंग नटाचं राहतं, कात्रीचं होत नाही. आमच्या मते आपल्या कामातला हा भाग सर्वांत कमी वाखाणला गेला.

‘झपाटलेला २’मध्ये (२०१३) आपण थ्रीडीचा घाट घातलात. त्यात दोन लेन्स एकमेकींपेक्षा जराशा वरखाली झाल्या तरी प्रेक्षकाचं डोकं दुखतं. हा उपद्व्याप साठीच्या उंबरठ्यावर अंगावर घेतल्याबद्दलही आभार.

शेवटी तात्या विंचू. रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज. बोलक्या बाहुल्याचा जबडा फक्त उघडतो आणि मिटतो. प, फ, ब, भ, म या अक्षरांना तो मिटलाच पाहिजे, नाहीतर आवाज दुसरीकडून आल्यासारखा वाटतो. कॅमेरा माणसाच्या उंचीवरून खाली बघत राहिला तर बाहुला खेळणंच राहतो. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीला उतरली की अंगावर काटा येतो. आणि समोरच्या नटाची नजर बाहुल्याच्या कपाळावर गेली की खेळ संपला. लक्ष्या थेट त्याच्या डोळ्यांत बघून घाबरतो, म्हणून आपणही घाबरतो. तो लुक सांभाळल्याबद्दल, सर, मनापासून आभार.

आपले,
मराठी चित्रपटांतले काही सहायक दिग्दर्शक आणि संकलक