स्वस्त विमान आधी प्रासंगिक करारवाल्यांनी उडवलं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळी सुट्टी आणि विमानप्रवास यावर पानभर लेख आलाय, लेख चांगलाय, पण मधेच एक वाक्य असं टाकलंय की सामान्य माणसाला विमानात पहिल्यांदा बसवलं ते लो-कॉस्ट कंपन्यांनी, त्याआधी विमान म्हणजे फक्त साहेबलोकांचं. ते वाचलं आणि हातातला चहा गार झाला बघा. भारतापुरतं म्हणाल तर २००३ नंतर तसं थोडंफार झालं, मान्य. पण जगात हे काम त्याच्या पन्नास वर्षं आधी सुरू झालं आणि ते केलं चार्टरवाल्यांनी. त्यांचं लेखात नावसुद्धा नाही.

मी ३४ वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची बारा सीबीएस स्टँडवर कंट्रोलर म्हणून, त्यामुळं चार्टर म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडं त्याला प्रासंगिक करार म्हणतात. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, पंढरपूर, अक्कलकोट, कुणीतरी अख्खी गाडी ठरवतो, पैसे आधी भरतो, आणि मग गाडीत पन्नास बसले का पाच हा एसटीचा प्रश्नच राहत नाही, तो गाडी ठरवणाऱ्याचा. रोजच्या फेरीचं तसं नसतं, कोल्हापूर-गारगोटी गाडी वेळ झाली की सोडायचीच, भारमान, म्हणजे गाडी किती टक्के भरली ते, असो नसो. आमची निम्मी नोकरी या भारमानाच्या टक्क्यावर बोलणी खाण्यात गेली. विमानाचं अगदी हेच आहे हो. युरोपात त्या काळात नेहमीच्या वेळापत्रकाची विमानं पन्नास-साठ टक्के भरून उडायची आणि चार्टर ८५ च्या वर. स्वस्ताईचं गुपित म्हणाल तर इथंच आहे, बाकी सगळं त्याच्यावरची फोडणी.

सुरुवात जेटनं नाही झाली. १९५० साली लंडनमधल्या व्लादिमीर राइट्झ नावाच्या माणसानं एक डकोटा विमान ठरवून लोकांना कॉर्सिका बेटावर काल्व्हीला नेलं. विमान, तंबूत राहणं, जेवणखाण सगळं धरून साडेबत्तीस पौंड, त्या काळात एवढ्यात नेहमीच्या विमानाचं नुसतं तिकीटही आलं नसतं. आणि सरकारनं परवानगी दिली ती पण कशी, तर फक्त शिक्षक आणि विद्यार्थी न्यायचे म्हणून! सरकारी विमान कंपनीचं गिऱ्हाईक पळायला नको ना. आपल्याकडं वडापवाल्यांवरनं, म्हणजे खासगी जीपवाल्यांवरनं, डेपोत जी भांडणं व्हायची तीच ही.

जेटचा मामला पुढं साठच्या दशकात आला आणि तो कसा आला हे तुमच्या लेखकानं खरं तर सांगायला पाहिजे होतं. मोठ्या कंपन्यांनी बोईंग ७०७ सारखी नवी विमानं घेतली तशी त्यांची आधीची जेट रिकामी झाली. आमच्यात नाही का, लांब पल्ल्यावरनं गाडी काढली की खेड्याच्या फेरीला लावतात, तसंच. ब्रिटिश सरकारी कंपनी बीओएसीनं ४ ऑक्टोबर १९५८ ला ज्या कॉमेट-४ विमानानं अटलांटिक पार करणारी पहिली जेट सेवा सुरू केली, तीच विमानं काही वर्षांत विकायला निघाली आणि १९६६ पासनं डॅन-एअर नावाच्या कंपनीनं ती घ्यायला सुरुवात केली. पुढं जिथं मिळेल तिथनं कॉमेट गोळा केली, काही उडवायला, काही सुट्या भागांसाठी उभी करून. आमच्या वर्कशॉपात पण एक गाडी अशी कायम असायची, तिच्या जिवावर दुसऱ्या चार चालायच्या. साहेबलोक पाय पसरून बसायचे त्याच विमानात यांनी शंभरावर सीटा बसवल्या आणि गिरणी कामगार, टायपिस्ट, नर्स असली माणसं स्पेनला निघाली.

कॉमेट तेल लय पिणारं, पंखाच्या मुळाशी चार इंजिनं. पण विमान जुनं म्हणून स्वस्त मिळालेलं, तेलही स्वस्त, मग काय बिघडतं. आणि जेटचा खरा फायदा वेगाचा. लंडनहून स्पेनच्या मायोर्का बेटाला सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे दिवसरात्र मिळून एकाच विमानाच्या तीन फेऱ्या. मुक्कामी गाडी हा प्रकारच नाही. विमान रात्री जमिनीवर उभं म्हणजे नुकसान, म्हणून रात्री दोनला, पहाटे चारला उड्डाणं, प्रवासी बाकड्यावर पेंगतायत, पोरं रडतायत, आपल्या यात्रेच्या स्टँडवर असतं तसंच सगळं. बरं, नेलेली माणसं पंधरा दिवसांनी आणायची असतात, मग विमान रिकामं परत का आणायचं? ज्यांची सुट्टी संपली त्यांना त्याच विमानानं आणायचं. सीझनचं पहिलं विमान येताना रिकामं आणि शेवटचं जाताना रिकामं, मधल्या सगळ्या फेऱ्या दोन्हीकडनं फुल्ल. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जादा गाड्या लावताना आम्ही हेच गणित कागदाच्या कपट्यावर मांडायचो, फक्त आमच्या डोक्यावर ऊन असायचं.

सगळ्यांनी जुनंच वापरलं असं पण नाही. ब्रिटानिया एअरवेजनं १९६८ ला कोरी करकरीत बोईंग ७३७ घेतली, त्यांच्यामागं थॉमसन ग्रुपचा पैसा होता. जर्मनीच्या काँडोरनं तर १९७१ ला जम्बो ७४७ घेतलं, चार्टर कंपनीकडं जम्बो ही जगातली पहिली वेळ. स्पेनच्या स्पॅनटॅक्सकडं कॉन्व्हेअर ९९० कोरोनाडो, लय वेगवान आणि लय खादाड, कारखान्यात एकूण ३७ च बनली ती. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट डेन्मार्कची. त्यारेबोर्ग गावचा एक पाद्री, आयलिफ क्रोगागर, यानं १९५० मध्ये बस करून लोकांना स्पेन दाखवायला सुरुवात केली आणि १९६२ ला स्वतःची विमान कंपनीच काढली, स्टर्लिंग. म्हणजे आपल्या कीर्तनकार बुवांनी ट्रॅव्हल्स काढून पुढं विमानंच घ्यावीत असला प्रकार, विषय हार्ड! त्यांनी पुढं फ्रेंच बनावटीची कॅराव्हेल जेट घेतली. त्यातलंच एक १४ मार्च १९७२ ला कोलंबोहून सुट्टीची माणसं घेऊन कोपनहेगनला परत निघालं होतं, वाटेत आपल्या मुंबईला उतरलं, तिथनं दुबईकडं गेलं आणि दुबईच्या अलीकडं डोंगराला धडकलं. ११२ माणसं गेली. दोन वर्षं आधी, ३ जुलै १९७० ला, डॅन-एअरचं कॉमेटसुद्धा बार्सिलोनाजवळ डोंगरावर आदळलेलं, त्यात पण ११२ च. स्वस्ताईचं कौतुक सांगताना ही बाजू लपवून चालणार नाही.

नियम तर विचारूच नका. अटलांटिकपलीकडं चार्टरनं जायचं तर तुम्ही एखाद्या क्लबाचे निदान सहा महिने आधीपासनं सभासद पाहिजेत, आणि तो क्लब प्रवासासाठी काढलेला नको. मग झालं, कागदावर क्लबच क्लब, मागच्या तारखेची सभासदकार्डं, आणि विमानतळावर अधिकारी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारतायत की तुमच्या मंडळाचं नाव काय. विद्यार्थी सवलतीच्या पासावर चाळीस वर्षांचा गडी पकडलेला माणूस आहे मी, मला हे वाचून लय हसू आलं. त्यात १९६६ पासनं ब्रिटिश सरकारनं परदेशी जाताना खर्चाला न्यायच्या पैशावर माणशी ५० पौंडांचीच मर्यादा घातलेली. आपल्याकडं तेव्हा आठ डॉलर मिळायचे हे जुन्या लोकांना आठवत असेल, त्यामुळं आपण त्यांना हसायचं कारण नाही.

हे सगळं मला कुठनं कळलं तर काही वर्षांमागं लेकीकडं इंग्लंडला तीन महिने राहिलो. शेजारी एक रिटायर आजोबा, मी एसटीतला म्हटल्यावर आमचं जमलं. ते तरुणपणी कोर्ट लाइन नावाच्या चार्टर कंपनीच्या विमानानं लंडनजवळच्या ल्यूटनहून मायोर्काला गेलेले. या कंपनीची वन-इलेव्हन जेट गुलाबी, नारिंगी, जांभळी अशी रंगवलेली असायची, आपल्याकडं लग्नाची लक्झरी रंगवतात तशी. आणि जेवणाची गंमत ऐका, वेळ आणि माणसं वाचावीत म्हणून समोरच्या सीटच्या पाठीतच दोन कप्पे, एकात जातानाचं थंड जेवण आणि दुसऱ्यात परतीच्या प्रवाशाचं, दोन्ही ल्यूटनलाच भरलेलं. आजोबा म्हणाले आमच्या पुढच्या सीटवरच्या गड्यानं दुसरा कप्पा उघडून परतीच्या माणसाचं पण खाऊन टाकलं. तो सांगलीचा असणार असं मी मनात म्हटलं, बोललो नाही.

आता मुद्द्याचं. हीच कोर्ट लाइन १५ ऑगस्ट १९७४ ला बुडाली. आदल्या वर्षी तेलाचा भाव भडकला, इतरांपेक्षा स्वस्त विकायच्या नादात क्लार्कसन्स नावाची टूर कंपनी तोट्यात गेलेली आणि तीच यांनी गळ्यात घालून घेतलेली. जूनमध्ये मंत्री टोनी बेन यांनी संसदेत दिलासा दिला की या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांना धोका नाही, लोक निश्चिंत झाले, आणि ऑगस्टमध्ये भर सीझनला कुलूप. जवळपास ५० हजार माणसं परदेशात अडकली आणि ज्यांनी पुढच्या सहलीचे पैसे भरलेले ते घरी बसून पेपर वाचत राहिले. पण त्यानंतर ब्रिटिश सरकारनं केलं काय, तर १९७५ ला राखीव निधी काढला, प्रत्येक पॅकेजवर थोडी थोडी कपात, कंपनी बुडाली तर त्यातनं पैसे परत आणि अडकलेल्यांना आणायचा खर्च. टूर कंपन्यांना लायसन आणि तारण तर १९७३ पासनंच चालू झालेलं.

आमच्या गल्लीतल्या नऊ जणांनी काश्मीरसाठी डिसेंबरात एका टूरवाल्याकडं माणशी अठरा हजार अ‍ॅडव्हान्स भरला, विमानाची तिकिटं आत्ताच काढली तर स्वस्त पडतात म्हणून. एप्रिलमध्ये दुकानाला कुलूप, फोन बंद, आणि विमान कंपनीकडं चौकशी केली तर या नावांची तिकिटंच निघालेली नाहीत. पावती आहे, पोलिसात अर्ज आहे, ग्राहक आयोगात तारखा चालू आहेत. त्या नऊ जणांत माझी धाकटी बहीण आणि मेव्हणे आहेत म्हणून हे पोटतिडकीनं लिहितोय असं समजा, खरंच आहे ते.

तुमच्या लेखात कुठल्या महिन्यात बुकिंग करावं, कुठलं अ‍ॅप स्वस्त, खिडकीची सीट कशी मिळवावी सगळं आहे, पण आगाऊ भरलेला पैसा कुणाच्या खात्यात पडून राहतो आणि टूरवाला बुडाला तर तो कुठनं परत यायचा, याच्यावर एक ओळ नाही. आता आपल्या कोल्हापूरच्या विमानतळाला, उजळाईवाडीला, नवीन टर्मिनल झालंय, २०२४ ला उद्घाटन झालं, राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये केलेल्या विमानतळावर आज दिवसाला बऱ्यापैकी विमानं उतरतात, आनंद आहे. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या सरकारी उडान योजनेत निम्म्या सीटांचं भाडं बांधलेलं आणि तूट सरकार भरून देणार, म्हणजे भारमान कमी पडलं तरी कंपनीला आधार आहे. प्रवाशाच्या अ‍ॅडव्हान्सला तसा आधार कुठाय, एवढं तुमच्या बातमीदारानं शहरातल्या पाच-सहा टूरवाल्यांकडं जाऊन विचारावं आणि छापावं, ही विनंती. पाहिजे तर मी बरोबर येतो, रिकामाच आहे.

लो-कॉस्टवाल्यांबद्दल राहिलंच. एअर इंडिया एक्सप्रेस २००५ ला सुरू झाली तेव्हा ती कुठल्या कंपनीच्या नावावर उडत होती माहिताय का? एअर इंडिया चार्टर्स लिमिटेड, स्थापना १९७१. इंग्लंडची ईझीजेट १९९५ ला पहिल्यांदा उडाली ती ल्यूटनहूनच, जिथं ती गुलाबी नारिंगी विमानं उभी असायची. आणि आपल्या शेजारी गोव्यात १९८७ ला जर्मनीहून पहिलं चार्टर उतरलं तेव्हा आपल्याकडं लो-कॉस्ट हा शब्दही कुणी ऐकला नव्हता. तेवढी दुरुस्ती छापा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. : लेखाच्या वर जुन्या जेटचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापलाय आणि खाली बोईंग लिहिलंय. ते बोईंग नाही, कॅराव्हेल आहे. आपल्या इंडियन एअरलाइन्सकडं पण होती ती १९६४ पासनं. खिडक्या बघा, तिकोनी आहेत.