वाळीत टाकलेल्या घराचे कागद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कुलवृत्तांत मूळपुरुषापाशी येऊन अडला आहे, पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या काळात बुंदेलखंडातल्या सागरला गेलेल्या त्या माणसाच्या मागे एकही नाव सापडत नाही, हे वाचून चैन पडेना. तू सागरची कागदपत्रं पुन्हा चाळायची म्हणतोस. त्याआधी मी इकडे पेन्सिल्व्हेनियात जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं.

आमच्या सुनेच्या माहेरची वंशावळ डॅनियल बूनच्या थोरल्या बहिणीकडे जाते. बून म्हणजे इथल्या गोऱ्या वसाहतींच्या सरहद्दीवरचा सर्वात गाजलेला माणूस. 1775 मध्ये कंबरलंडच्या खिंडीतून केंटकीत वाट काढली, बून्सबरो वसवलं. शिकार, जंगल, शॉनी या मूळ अमेरिकन जमातीच्या कैदेतून सुटका, असल्या गोष्टी पोरासोरांनाही पाठ. पण हे घराणं आलं कुठून, हे त्या गोष्टींतून कळत नाही. उलट, केवळ नावाच्या साधर्म्यावरून त्याला बोहन या नॉर्मन सरदार घराण्यात नेऊन बसवणाऱ्या वंशावळी इथे फिरतात. आपल्याकडे कुळं थेट राजस्थानच्या राजघराण्यांना जोडतात, त्यातलाच प्रकार. खरे कागद सांगतात की बून हे विणकर होते. मला ते विणकरच जास्त जवळचे वाटले.

हे कळतं क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या दप्तरावरून. या पंथात तेव्हा पुरोहित नसे. सगळा कारभार मासिक सभेचा, आणि सभेचं इतिवृत्त न चुकता लिहिलेलं. एका गावची सभा सोडून दुसरीकडे जायचं, तर वर्तणुकीचा दाखला घेऊन जायचा. डॅनियलचा आजोबा जॉर्ज 1717 मध्ये इथे उतरला आणि त्याने ग्विनेडच्या सभेपुढे दाखला ठेवला तो डेव्हन परगण्यातल्या कलम्प्टनच्या सभेचा. त्या एका नोंदीने समुद्र ओलांडता येतो. मग एक्सेटर शहराजवळचं ब्रॅडनिंच गाव, तिथली घरं, मुलांचे जन्म, सारं हाती लागतं. बून लोक पेन्सिल्व्हेनियात ज्या भागात स्थिरावले त्याचं नावही एक्सेटरच.

तारखा मात्र जपून वाचाव्या लागतात. जॉर्जचा मुलगा, म्हणजे डॅनियलचा बाप, स्क्वायर आणि सारा मॉर्गन यांचं लग्न 1720 साली ग्विनेडला झालं, नोंदीप्रमाणे ‘सातव्या महिन्यात’. क्वेकर महिन्यांची रूढ नावं वापरत नसत, नुसते आकडे लिहीत. आणि 1752 पर्यंत इंग्रजांचं वर्ष मार्चमध्ये सुरू होई, म्हणून सातवा महिना म्हणजे सप्टेंबर. छापील वंशावळींत बिनदिक्कत जुलै लिहिलेला दिसतो! डॅनियलचा जन्मही तसाच: जुन्या (ज्युलियन) पंचांगाने 22 ऑक्टोबर 1734, नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाने 2 नोव्हेंबर. तो स्वतः आयुष्यभर 22 ऑक्टोबरच धरून होता.

आता मुख्य गोष्ट. 1742 मध्ये डॅनियलच्या त्या थोरल्या बहिणीने, आईसारखी तीही साराच, जॉन विल्कॉक्सन नावाच्या पंथाबाहेरच्या तरुणाशी लग्न केलं. सभेने चौकशीला माणसं पाठवली. लग्नाआधीच तिला दिवस गेले होते, हेही लिहिलं गेलं. बापाने सभेपुढे उभं राहून चूक कबूल केली. काय करावं ते सुचलं नाही, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. पुढे 1747 मध्ये मुलगा इस्रायलही पंथाबाहेर लग्न करून मोकळा झाला. या वेळी स्क्वायरने माफी मागायला नकार दिला आणि सभेने त्याला वाळीत टाकलं. त्याची बायको मात्र मुलांना घेऊन सभेला जात राहिली. 1750 मध्ये घरदार विकून सगळं कुटुंब दक्षिणेला, उत्तर कॅरोलिनातल्या यॅडकिन खोऱ्याकडे निघालं. डॅनियल तेव्हा पंधरा वर्षांचा.

ही इतिवृत्तं स्वार्थमोर कॉलेजच्या क्वेकर ग्रंथालयात आहेत. अठरा वर्षांच्या मुलीच्या लाजेची नोंद वाचताना मला फार वाईट वाटलं, कारण आमची नात तिच्याच वंशातली. पण हेही खरं की ती मुलगी निमूटपणे नियम पाळती, तर दप्तरात तिच्याविषयी दोन ओळींपलीकडे काही उरलं नसतं. चौकशी झाली, म्हणून नवऱ्याचं नाव, वर्ष, बापाचे शब्द, सगळं टिकलं.

सरहद्दीवर याच्या उलट. केंटकीत आधी मोजणी न करता जमिनी वाटल्या. एकाच रानावर तीन-तीन दावे. बूनचे स्वतःचे दावे त्यात बुडाले. अशा मुलखात बापाचं गाव कोण लिहून ठेवतो? लायमन ड्रेपर या संग्राहकाने 1851 मध्ये बूनचा धाकटा मुलगा नेथन याच्याकडून आठवणी उतरवून घेतल्या, म्हणून पुढचा इतिहास तरी राहिला. ते बाड आज विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आहे. मागचं मूळ शोधायला मात्र सोडलेल्या गावच्या दप्तरातच जावं लागतं.

म्हणून म्हणतो, सागर काही दिवस बाजूला ठेव. गोविंदपंत स्वतः रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. त्यांच्याबरोबर कोकणातली माणसं गेली. तू कोकणात शोध. आणि लग्नमुंजींपेक्षा तंटे शोध. वतनाच्या वादात वंशावळ जोडावी लागे, भाऊबंद साक्षीला येत. करीने (पक्षकारांच्या लेखी हकिकती), महजर (पंचसभेची निर्णयपत्रं), निवाडपत्रं यांत चार-चार पिढ्या सापडतात. ग्रामण्याचं, म्हणजे जातीतल्या बहिष्काराच्या वादाचं, प्रकरण असेल तर उत्तमच. कोणाला वाळीत टाकलं, कोणी प्रायश्चित्त घेतलं, शुद्धिपत्र कोणाच्या नावे निघालं, हे पुण्याच्या पेशवे दप्तरात बघ. घरातल्या ज्येष्ठांना असली प्रकरणं छापलेली आवडणार नाहीत. तरी छाप.

त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघून घे. सागरहून कोणी यात्रेला आला असेल, तर बाप-आजोबांची नावं आणि मूळ गाव त्याने नक्कीच सांगितलं असेल.

मोडी वाचताना एखादी ओळ अडली तर फोटो पाठव, मी रात्री बसून लावून देईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र