उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं

बोब्लिंगन, जर्मनी,
१५ फेब्रुवारी २०२६, महाशिवरात्र

प्रिय रेखा,

आधी वाटलं फोनच करावा. पण फोनवर मी रडायला लागले की तू "बरं ते जाऊ दे, जेवलीस का?" म्हणून विषय बदलतेस, शाळेपासूनची सवय तुझी. म्हणून लिहायला बसले. साबुदाणा भिजतोय, घरातले सगळे झोपलेत, बाहेर अजून अंधार आहे. आपण शेवटचं नीट बोललो त्याला एकवीस महिने झाले. मोजलेत मी.

तब्येती बऱ्या. माझी थायरॉईडची गोळी चालू, प्रसादची शुगर काठावर, सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच.

परवा गुरुवारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. प्रसादलाही नाही कळलं. तो म्हणाला, "बोलेल हळूहळू." त्याची शाळा पहिलीपासून इंग्रजी.

अन्वीच्या शाळेत पालकांच्या भेटी होत्या. प्रत्येक शिक्षकाकडे दहा-दहा मिनिटं, दाराबाहेर वेळांचा कागद लावलेला. माझं जर्मन दुकान, डॉक्टर, बसस्टॉप एवढ्यापुरतं चालतं. पण शाळेतलं बोलणं समजायला अवघड जातं, म्हणून अन्वीच सोबत आली. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत गं, मऊ बोलतात. त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला. इकडे १ म्हणजे सगळ्यात उत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. गणित लेखी २. जर्मन लेखी ४. आणि तोंडीचा रकाना वेगळा असतो, त्यात जर्मन ५, इतिहास ५, जीवशास्त्र ५. मग त्या बऱ्याच वेळ काहीतरी सांगत राहिल्या आणि अन्वी मला मराठीत सांगत होती, बातम्या वाचाव्या तशा सपाट आवाजात : "त्या म्हणतायत, मी वर्गात बोलत नाही. त्या म्हणतायत, मला येतं हे त्यांना माहितीये. त्या म्हणतायत, पण न बोलणाऱ्याला मार्क कशाचे देणार."

स्वतःबद्दलची तक्रार पोरगी स्वतःच भाषांतर करून आईला सांगत होती, रेखा. आणि कोण? तीन वर्षांची असताना तुझ्या दारात उभी राहून एसटीच्या कंडक्टरची नक्कल करणारी. पुण्यात आठवीत वक्तृत्वाची ढाल आणलेली. तू तेव्हा म्हणाली होतीस, "ही माझ्यावर गेलीय, तुझ्यावर नाही." खरंच होतं ते.

इकडे तोंडी म्हणजे आपल्याकडची वर्षाअखेरची दहा मार्कांची तोंडी नव्हे. रोजच्या तासाला कोण किती भाग घेतं, काय विचारतं, दुसऱ्याचं बोलणं कसं पुढे नेतं, ते सगळं. लेखी आणि तोंडीचा हिस्सा किती, हे शिक्षक वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतात. आपण पोरांना काय शिकवलं? बाई शिकवत असताना मधे बोलायचं नाही, हाताची घडी तोंडावर बोट. पहिल्या दिवशी शिक्षिका वर्गात आल्या तशी ही उठून उभी राहिली. एकटीच. बाकीचे सव्वीस जण बसलेले. हात वर करायचा तोही पंजा नाही, एक बोट, तर्जनी. धाकटा ओम म्हणतो, "करंगळी वर केली तर सोडतील का?" त्याला सगळ्यात गंमत दिसते.

बसमध्ये मी तिला विचारलं, "येत असतं तर बोलत का नाहीस?" खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उत्तर येतं गं आई. मनात वाक्य लावते, मग त्यातल्या नामाला 'देर' लागतं का 'दी', म्हणजे 'तो' का 'ती', ते तपासते, क्रियापद शेवटी नेते, तोवर दुसऱ्या कुणाचं तरी बोट वर झालेलं असतं आणि वर्ग पुढे गेलेला असतो."

मला बसमधला दांडा घट्ट धरावा लागला.

तुला आठवतंय का गं? १९९६ चा जुलै, अकरावी सायन्स, फिजिक्सचा तास. आपली दहावी मराठीत झालेली, आणि तू विज्ञानात माझ्यापेक्षा चार मार्कांनी पुढे. सरांनी तुला उठवून डिस्प्लेसमेंटची व्याख्या विचारली. तुला 'विस्थापन' तोंडपाठ होतं, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतंस. तू उभी राहिलीस. वही हातात. ओठ हलले, आवाज आला नाही. मागून कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "सिट डाउन." त्या दिवशी रहिमतपूरच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी असताना तू मला म्हणालीस, "उत्तर येत होतं गं, वाक्य येत नव्हतं." आणि मी काय म्हणाले? "मग पाठ करून यायचं होतंस."

तीस वर्षांत तुला हे सांगितलं नाही : मला त्या दिवशी ती व्याख्या इंग्रजीतून येत होती. दादाच्या पुस्तकातून आदल्या रात्रीच वाचली होती. तुझ्या शेजारीच बसले होते, कोपराला कोपर लागून. कुजबुजले असते तरी चाललं असतं. नाही बोलले. तुझ्याहून एकदा तरी पुढे असावं असं वाटलं असेल. दिवाळीनंतर तू आर्ट्सला गेलीस आणि मी तुला पळपुटी म्हणाले, तेही राजवाड्यावर सगळ्या पोरींच्या समोर. तू भेळेचा कागद चुरगळून टाकलास आणि निघून गेलीस. नंतर बोलायला लागलो आपण, लग्नं झाली, एकमेकींच्या बाळंतपणांना गेलो, पण त्या दिवसाबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही.

बसमध्ये मी अन्वीला हे सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू शेजारीच होतीस ना? मग तुला येत होतं?" मी हो म्हणाले. ती काही बोलली नाही. उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

आता मे २०२४ चं. तू म्हणाली होतीस, "पोरीची दहावी होऊ दे, मग जा. नववी-दहावीच्या मधे रोप उपटू नका." आणि मी म्हणाले, तुझ्या बघण्यात रहिमतपूरच्या पलीकडचं काय आलंय? ते बोलायला नको होतं मी. तुझं बरोबर होतं. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे, नववीनंतर उठलेल्या पोराला नंतर दहावीत आणून बसवणं सोपं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. प्रसादला सप्टेंबरच्या आत हजर व्हायचं होतं आणि मला एकटीला मागे राहायचं नव्हतं, एवढंच.

तरी तू पुढच्याच महिन्यात आईच्या घरी जाऊन, माळ्यावरची ट्रंक उतरवून, दोघा पोरांची लसीची कार्डं शोधलीस. गोवराच्या दोन्ही लसींचा पुरावा इकडे शाळेत द्यावा लागतो. फोटो पाठवलेस, खाली एक शब्द नाही. मी नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते.

इथलं गणित तुला सांगते, कारण हेच डोक्यात फिरत असतं. इकडे चौथीनंतरच, म्हणजे दहा वर्षांच्या पोरांच्याच, वाटा वेगळ्या होतात. अभ्यासात पुढची असतील ती गिम्नाझियुमला, तिथून आबिटूर म्हणजे त्यांची बारावी. मधली रेआलशूलला, तिथे दहावीला परीक्षा. अन्वीचं पहिलं वर्ष नुसतं जर्मन शिकायच्या तयारी-वर्गात गेलं. त्यानंतर शाळेने तिला रेआलशूलच्या नववीत घातलं. पुण्यात नववी पास होऊन आलेली पोरगी दीड वर्षाने पुन्हा नववीत! तिच्या मैत्रिणी आता अकरावी संपवतायत, जेईईचे क्लास, कोटा की पुणे यावर ग्रुपवर भांडणं. ती ग्रुपमधून बाहेर पडली. मला सांगितलं नाही, मीच एकदा तिच्या फोनवर पाहिलं.

पुढची वाट अशी. २०२७ ला रेआलशूलची दहावी. मग इकडे तीन वर्षांचं व्यावसायिक गिम्नाझियुम असतं, नाव व्यावसायिक असलं तरी आबिटूर पूर्ण होतं, कुठल्याही विद्यापीठाला चालतं. पण तिथे जायला जर्मन, गणित आणि इंग्रजी मिळून सरासरी ३ किंवा त्याहून चांगली लागते, आणि त्यातल्या एकाही विषयात ४ पेक्षा वाईट मिळून चालत नाही. म्हणजे तो जर्मनचा तोंडीचा ५ नुसता ५ नाही गं, ते दारच आहे. सगळं सुरळीत झालं तर आबिटूर २०३० ला, तेव्हा ती एकविसाव्या वर्षात असेल, आणि पुण्याच्या मैत्रिणी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवत असतील. सासूबाई फोनवर रोज म्हणतात, "पोरीची दोन वर्षं पाण्यात."

परत पाठवावं का, हाही विचार करून झाला. आईकडे ठेवून तिकडे बारावी? पण तिकडच्या नुसत्या बारावीवर इकडे विद्यापीठात साधारण थेट घेत नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार झालेली लागते, नाहीतर तिकडे कॉलेजचं एक वर्ष, नाहीतर इकडे येऊन पुन्हा तयारीचं वर्ष. शिवाय आपल्यासारख्या बाहेरच्यांना या राज्यात सत्राला १,५०० युरो फी पडते, इथलं आबिटूर असेल तर ती माफ. प्रसाद हा फीचा मुद्दा सारखा पुढे करतो. मला तो मुद्दाच वाटत नाही. मला एवढंच कळतं की पोरगी घरातही हळूहळू कमी बोलायला लागलीय.

ओमचं मात्र झकास. तेराचा आहे, फुटबॉल खेळतो, मैदानावर कुणी 'देर' का 'दी' विचारत नाही. पहिल्या निकालात खेळात १ मिळाला तर आजी फोनवर कळवळली, "एकच मार्क? चांगला धावतो की रे!" आणि इथल्या श्वाबेन बोलीत लाडाने शब्दाला 'ले' लावतात, तो मला 'आईले' म्हणतो. सासूबाई अकोल्याच्या; ऐकून इतक्या खूश झाल्या, म्हणाल्या, "नातू जर्मनीत जाऊन वऱ्हाडी बोलायला लागला!"

तुला आवडेल असं एक सांगते. अन्वीला आकडे जमत नव्हते. जर्मनमध्ये अडुसष्टला 'आठ आणि साठ' म्हणतात, आठ आधी. ती इंग्रजीतून आलेली, ८६ लिहायची. एका रात्री मी म्हटलं, अगं आपलंही तेच आहे की, चोवीस म्हणजे चार-वीस, अडुसष्ट म्हणजे आठ-साठ. तिला मराठी आकडे धड येत नव्हते. मग आम्ही दोघींनी वहीत शंभरपर्यंत उजळणी लिहिली, एका बाजूला मराठी, एका बाजूला जर्मन. एकोणसाठला अडली, "साठाला एक कमी" कळल्यावर खूप हसली. लिंगांचंही तसंच, त्यांच्यातही तीन, आपल्यासारखीच. फक्त सूर्य त्यांच्यात 'ती', चंद्र मात्र आपल्यासारखाच 'तो'. चमचा 'तो', काटा 'ती', सुरी 'ते'. जेवताना आम्ही ताटाशेजारी मांडून म्हणतो. त्या दिवशी वाटलं, आपली मराठी शाळा तीस वर्षांनी माझ्या पोरीच्या उपयोगी पडली. तुझ्या हातात ही पोरगी असती तर तू हे पहिल्याच महिन्यात केलं असतंस.

तुझं विचारायचं राहिलंच. पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या संचमान्यतेत तुझं पद राहिलं ना? दुसऱ्या शाळेत समायोजनाचं काही ऐकलं होतं आईकडून, काळजी वाटली. निखिलच्या भरतीचा निकाल लागला का? दाजींच्या दुकानासमोरचा रस्ता झाला का? घराला रंग दिलास म्हणे, पिवळा. फोटो पाठव.

माफी मागायची तर किती गोष्टींची मागू. तास, भेळ, रहिमतपूर, अंगठा. सगळ्यांची मागते. तुला राग असेल तर असू दे, तो तुझा हक्क आहे.

पण एक काम आहे. काल रात्री अन्वी माझ्या खोलीत आली, म्हणाली, "रेखामावशीचा नंबर दे. मला तिला विचारायचंय, नंतर ती बोलायला कशी लागली." मी सांगणार होते, पण खरं म्हणजे मला माहीतच नाही गं. एवढ्या वर्षांत मी तुला विचारलंच नाही. आज तू चाळीस-चाळीस पोरांसमोर तास घेतेस, निवडणुकीच्या ड्यूटीवर अख्ख्या गावाशी बोलतेस, ते कधी सुरू झालं, कुणामुळे, मला ठाऊक नाही.

या आठवड्यात त्यांना कार्निव्हलची सुट्टी आहे. येत्या रविवारी आमच्या अकराला, म्हणजे तुमच्या दुपारी साडेतीनला, ती फोन करेल. तिच्याच फोनवरून, मी खोलीत नसेन. नंबर ४९ ने सुरू होतो, कर्जवाल्यांचा समजून कट करू नकोस.

तुझी,
सुजाता